असल्यास उत्तम

जाहिरात मीच टाइप केली होती.
पाणीपुरवठा अधीक्षक, बरो कार्यालय, पेनसिल्व्हेनिया.
जलशुद्धीकरणाचा परवाना, अ वर्ग : आवश्यक.

मंगळवारी जेवणानंतर मिस्टर हॅल्व्हर्सन आले,
माझ्या खांद्यावरून पडद्याकडे वाकले,
म्हणाले, "एवढा एक शब्द जरा मऊ कर."
बोटांनी इंग्रजीत केला,
मनात मात्र तो मराठीतच मऊ झाला :
असल्यास उत्तम.
चार अक्षरं गेली
आणि तेवढ्या फटीतून
एक अख्खा माणूस आत आला.

मुलाखती अग्निशमन केंद्राच्या माडीवर.
खाली कुणीतरी बंब धूत होतं,
वर पाच जण, डोनटचा खोका,
आणि कोपऱ्यात मी, इतिवृत्ताला.

लोरेटा काझमारेक आधी आली.
एकोणीस वर्षं प्लँटवर, बहुतेक रात्रपाळी.
ती म्हणाली, ऑक्टोबरात
सस्क्वेहानात पानं कुजतात, पाण्याला चहाचा रंग येतो,
तेव्हा तक्त्यावर विसंबू नये,
दर तासाला बाटली भरून उजेडात धरावी.
तिला विचारलं,
"रात्री-अपरात्री बोलावलं तर यायला जमेल ना?"
ती हसली नाही.
"जमेल," म्हणाली.
मी लिहून घेतलं : जमेल.

मग ब्रॅडली ओस्टरहाउट. विम्याचा धंदा.
मेयरच्या बायकोचा भाऊ,
आणि निवडणुकीत दारोदार पाट्या रोवल्या होत्या त्यानंच.
त्याला विचारलं की यंदा
ट्राउट मासे कसे लागतायत.
चांगले लागत होते.

गुणपत्रिका पेन्सिलीनं भरायच्या असतात.
मधेच कुणीतरी माझा खोडरबर मागितला,
परत आला तेव्हा अर्धा झाला होता.
इतिवृत्तात माझ्याच हातचं वाक्य आहे :
"सविस्तर चर्चेअंती एकमत झाले."
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं आपण म्हणतो.
इथं आडात होतं की हो,
पोहराच मेव्हण्याचा.

अकरा वर्षांपूर्वी फोनवर
सांगलीच्या चुलतभावाला मी ठासून सांगितलं होतं,
इकडे वशिला नसतो रे,
इकडे त्याला शब्दच नाही.
शब्द नाही हे खरं होतं.

आणि मी?
माझ्या मुलीला पियानो शिकवणारी बाई
बरोच्या सेक्रेटरीची बहीण.
एका शनिवारी, स्वेटर चढवता चढवता, ती म्हणाली होती,
"तुझं टायपिंग चांगलं आहे ना? बोलू का मी?"
मी बोल म्हटलं.
मिनिटाला बासष्ट शब्द, एकही चूक नाही,
परीक्षेत पहिली आले.
परीक्षा झाली
रुजू झाल्यानंतर आठव्या दिवशी,
आणि बसलेली मी एकटीच होते.
अजून कधी वाटतं, मी लायक होतेच.
मग वाटतं, ते कुणी तपासलं?
लायक असणं
आणि लायक ठरणं
यांच्यामध्ये जी खुर्ची असते
तिच्यावर मी त्या वर्षी
कोटसुद्धा न काढता जाऊन बसले.

काल लोरेटा आली, खिडकीपाशी.
रात्रपाळी संपवून थेट, केसांना क्लोरीनचा वास.
तक्रार नाही, आवाज नाही.
नागरिकाला कागद मागता येतो,
तो फॉर्म तिनं नीट भरला होता, ठळक अक्षरांत :
जाहिरातीची प्रत.
पंचवीस सेंटचं नाणं काउंटरवर ठेवलं.

हॅल्व्हर्सनचं दार उघडंच होतं.
पलीकडे कुणीतरी कुलरमधून पाणी घेत होतं,
गुडगुड करून एक बुडबुडा वर आला.
माझ्या खणात दोन कागद आहेत
हे मला माहीत होतं
आणि दुसऱ्या कुणालाच नाही.

मी नाणं उचललं.
नेहमीपेक्षा थोड्या मोठ्यानं विचारलं,
"कुठली?"

लोरेटानं मान वर केली.